संवादनोंद, खाट क्रमांक अकरा

सोमवार, २ सप्टेंबर

ही वही माझी. कॉलेजची वही वेगळी, तिच्यात लाल पेनाने रेघा मारतात. हिच्यात कोणी रेघ मारायची नाही.

आधी मी या फंदात कशी पडले ते लिहून ठेवते. एकवीस वर्षं मी हाडांच्या वॉर्डात मावशी आहे. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, ट्रॉली ढकलणं. पेशंटपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला मावशीच म्हणतात, माझं नाव फक्त पगाराच्या कागदावर. गेल्या वर्षी हॉस्पिटलने कळवलं, की कामगारांपैकी कुणी समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला तर त्याला समाजसेवा विभागात सहायकाची जागा. मी त्याच दिवशी अर्ज दिला. मला वाटलं, पेशंटशी बोलायचं तर काम, जन्मभर तेच केलंय, त्यात शिकायचं काय?

कपाळ माझं. बाकी सगळ्यात पास झाले आणि ‘सिद्धांत आणि पद्धती’ या विषयात आपटले. पहिल्या वर्षाचा विषय दुसऱ्या वर्षीही मानगुटीवर बसलाय. हा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. आता गेला तर नाव कटणार, आणि जागाही गेलीच म्हणायची. पण मी काही अशी तशी सोडणारी नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

चौकटबाईंचा तास. हे नाव पोरांनी ठेवलंय. बाई फळ्यावर काहीही लिहायच्या आधी एक चौकट काढतात, मग तिच्याशेजारी दुसरी, मग बाण. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, काडीसारख्या, हसणं माहीत नाही.

आज कार्यकेंद्री पद्धत. एका माणसाबरोबर आठच भेटी. पहिल्या चौकटीत अडचण लिहायची, ती त्याच्या स्वतःच्या शब्दांत. दुसरीत, त्यातली कुठली आधी सोडवायची ते त्यानेच ठरवायचं. तिसरीत कामं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत. मी हात वर केला. म्हटलं, “आपली अडचण काय हे त्याला कळत असतं तर तो आपल्याकडे कशाला आला असता?” सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “प्रश्न चांगला आहे. उत्तर तुम्हीच आणा.” टोमणाच तो.

तास संपल्यावर मला थांबवून माझ्या शिफ्टा कशा असतात ते विचारलं. सगळं सांगितलं तर लगेच वहीत टिपून घेतलं. आणि दुपारी बघते तर बाई आमच्याच हॉस्पिटलात, मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर. माझी चुगली करायलाच आल्या असणार. स्वतः काम करतो तिथे क्षेत्रकार्य, म्हणजे माणसांना भेटून करायचा प्रत्यक्ष अभ्यास, करता येत नाही असा कॉलेजचा नियम आहे, मला तेवढी सवलत मिळालीय. ती काढून घेतात की काय देव जाणे.

मंगळवार, १० सप्टेंबर

सवलत राहिली. दर मंगळवार-शुक्रवारी दुपारी मी गणवेश काढून साधे कपडे घालायचे, गळ्यात कॉलेजचं कार्ड अडकवायचं, आणि मावशीची विद्यार्थिनी व्हायचं. पेशंट मिळाला खाट क्रमांक अकरा. घरं रंगवणारा, वय अडतीस. परांचीवरून पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशनला अठरा दिवस झाले, जखम छान भरतेय, डॉक्टर म्हणतात घरी जा. हा जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. बायको रोज दुपारी येते, स्टुलावर बसते, वेळ संपली की उठून जाते.

मी पाऊण तास बसले. चांगलं बोललो, म्हणजे मी बोलले. त्याच्यासारखे किती आले आणि चालत गेले ते सांगितलं. मध्येच त्याने पायाचं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, गेलं त्याचा विचार सोडा भाऊ, पुढचं बघा. मग तो गप्प झाला.

भेट झाली की घरी बसून संवादनोंद लिहायची असते. कोण काय बोललं ते जसंच्या तसं आठवून डावीकडे, आपल्याला काय वाटलं ते उजवीकडे. पानांवर आधीच क्रमांक घातलेले, आणि दर आठवड्याला प्रत्येक पानावर चौकटबाईंची सही. अडचणीच्या चौकटीत मी लिहिलं, ‘रुग्णाला भविष्याविषयी चिंता वाटते.’ वाक्य इतकं झोकदार जमलं की ह्यांना वाचून दाखवलं. हे मिक्सरचं भांडं उघडून बसले होते (आमचं दुरुस्तीचं दुकान आहे, घरीही तेच चालतं). म्हणाले, “आणि तो काय म्हणाला?”

म्हटलं, पायाचं काहीतरी विचारत होता, बाकी तेच तर वाचतेय. ह्यांचं लक्षच नसतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुसरी भेट. कामं ठरवली. कृत्रिम पायाचं माप, मंगळवारपर्यंत. घरी न्यायला थोरल्या भावाला बोलावणं, ते मी करणार. तो मान हलवत होता. मान हलवणं म्हणजे होच की.

वही परत मिळाली. ‘रुग्णाला भविष्याविषयी चिंता वाटते’ याखाली लाल रेघ, आणि बाजूला तीनच शब्द: हे शब्द कुणाचे? आता कुणाचे म्हणजे काय? मराठीचे.

एक बरं झालं. माझी गुरुवारची शिफ्ट आपोआप बदलून सकाळची झाली. आता चौकटबाईंच्या तासाला धापा टाकत यायला नको. एकवीस वर्षांत कधी माझ्या सोयीची शिफ्ट लागली नव्हती, नशीब उघडलं म्हणायचं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

भाऊ आला. तोंड भरून बोलणारा, चांगला माणूस. चल माझ्याकडे, खालच्या मजल्यावर खोली आहे, काही कमी पडू देणार नाही, म्हणाला. मी शेजारी उभी, मनातून खूश. रंगाऱ्याने हळूच चादर वर ओढली आणि तोंडावर घेतली. भाऊ बोलतच राहिला. बायको उठून व्हरांड्यात गेली. थोड्या वेळाने भाऊसुद्धा घड्याळ बघून निघाला.

मी चादरीला म्हटलं, अहो भाऊ. चादर हलली नाही. माप घ्यायला आलेला माणूस तसाच परत गेला.

मला भयंकर राग आला. एवढं करायचं, फोनावर फोन करायचे, आणि याने असं मुडद्यासारखं पडायचं! घरी येऊन नोंद लिहायला बसले तर लिहिण्यासारखं काहीच नाही. एक माणूस चादरीत आणि एक बाई उभी. याला कोण मार्क देणार? मग लिहिलं. दोन पानं लिहिली. त्यात मी विचारते, तो सांगतो, मी समजून घेते, भावाशी बोलताना त्याचे डोळे भरून येतात, आणि शेवटी तो म्हणतो, ‘तुमच्याशी बोलून मोकळं वाटलं.’ लिहिताना मलाच खरं वाटायला लागलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चौथी भेट. तो जेवत नाहीये. मी बसून आले.

कॉलेजात चौकटबाईंनी खोलीत बोलावलं. मंगळवारची दोन पानं समोर. बराच वेळ वाचत होत्या, मग म्हणाल्या, “या नोंदीत तुम्ही एकदाही अडखळत नाही. आणि तो एकदाही गप्प बसत नाही.”

सगळ्यांना माहीत असलेला नियम समोर भिंतीवर लावलेला होता: खोटी नोंद आढळल्यास क्षेत्रकार्याला शून्य. आणि क्षेत्रकार्यात शून्य म्हणजे हा विषयच गेला. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पानांवर सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, सात तारखेला वह्या परीक्षकांकडे जातील, तोपर्यंत तुमच्याकडेच राहू दे, मागे पानं शिल्लक आहेत.

म्हणजे उरलेलं तपासायचंही नाही त्यांना. माझ्यावर पाणी सोडलंय बाईंनी.

रविवार, २२ सप्टेंबर

दोन दिवस झोप नीट नाही. जेवताना ह्यांना सांगितलं, मंगळवारची नोंद मी मनाची लिहिली. वाटलं ओरडतील. हे जेवत राहिले. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी त्याने काय विचारलं होतं? पायाचं काहीतरी म्हणालीस.”

आता इथे लिहूनच टाकते. त्याने विचारलं होतं, “मावशी, माझा पाय कुठे ठेवलाय?”

हेच. पहिल्याच भेटीत, दहाव्या मिनिटाला. आणि मी ते नोंदीत घातलं नाही. मला वाटलं, म्हणजे मी स्वतःला सांगितलं, की औषधाच्या गुंगीत बोलतोय, परीक्षक हसतील. पण ते काही खरं कारण नव्हे.

खरं कारण हे, की तो पाय मी नेला. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरचा माणूस रजेवर होता. सिस्टरांनी मला हाक मारली. दाराच्या फटीतून पिवळी पिशवी दिली, वर चिठ्ठी चिकटवलेली: खाट क्रमांक अकरा, उजवा, गुडघ्याखाली. मी ती मागच्या आवारातल्या भट्टीपाशी नेली, रजिस्टरमध्ये वेळ घातली, सही केली. अशा कितीतरी नेल्या असतील. कधी कुणा पेशंटने त्याबद्दल विचारलं नव्हतं. या वेळी तोच माणूस मला विचारत होता आणि मी गळ्यात कार्ड घालून त्याला पुढचं बघायला सांगत होते.

चौकट होती की पहिलीच. त्याच्या स्वतःच्या शब्दांत, असं छापलेलं होतं. मी तिथे माझे शब्द भरले म्हणून मला माझंच तोंड लपवता आलं. चौकट रिकामी ठेवली असती तरी परवडलं असतं. बाई वर्षभर घसा कोरडा करून हेच सांगत होत्या आणि मला वाटत होतं त्यांना चौकोन काढायची हौस आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

चौथी भेट. स्टूल ओढलं, त्याच्या तोंडाकडच्या बाजूला, भिंत आणि खाट यांच्या मधल्या फटीत. गुडघे भिंतीला टेकत होते. म्हटलं, भाऊ, पहिल्या दिवशी तुम्ही मला एक विचारलं होतं आणि मी ते टाळलं. माझी चूक झाली. आता पुन्हा विचारा.

तो किती वेळ बघत राहिला. मी बोलले नाही. माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक, जीभ दाताखाली धरून बसले होते.

मग म्हणाला, “माझा पाय कुठे आहे?”

“जाळला,” म्हटलं. “मागे भट्टी आहे. त्याच दिवशी, पावणेचार वाजता. मी नेला होता.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं आता शिवी देणार, आणि दिली असती तरी मी घेतली असती. पण तो म्हणाला, “टाकला की नेला?”

“नेला. दोन्ही हातांनी.”

“जड होता?”

“होता.”

तो रडायला लागला. अठरा दिवस तो कुणापुढे रडला नव्हता, म्हणजे आता बत्तीस झाले. बायको दारात उभी होती, ती आत आली आणि खाटेच्या कडेवर बसली, स्टुलावर नाही. मी उठून गेले. कार्ड गळ्यातच होतं पण व्हरांड्यात मीही रडले, ते इथेच लिहिते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

त्याला ती जागा बघायची होती. हे काम त्याने ठरवलं, मी नाही. सिस्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग अर्धा तास दिला. चाकाच्या खुर्चीतून नेलं. मागचं आवार म्हणजे काय, पाण्याच्या टाक्या, मोडक्या खाटा, आणि पत्र्याखाली भट्टी. भट्टीवाल्याने रजिस्टर काढून दिलं. रंगाऱ्याने ओळीवर बोट ठेवून माझी सही वाचली आणि म्हणाला, मावशी, तुमचं नाव हे होय?

मग बराच वेळ भट्टीच्या दाराकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, दार कुणीतरी फार वाईट रंगवलंय, गंज न घासताच रंग मारलाय. भट्टीवाला म्हणाला, इथे कोण बघतं? हा म्हणाला, मी बघतोय ना.

बुधवार, २ ऑक्टोबर

काल सातवी भेट झाली आणि आज अकरा नंबर घरी गेला. भावाकडे नाही, स्वतःच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, दोघांनी उचलून. पायाचं माप अजून दिलं नाही. म्हणाला, बघू. उरलेली एक भेट घरी होईल, तिचा वार त्याने स्वतः सांगितला.

खाट रिकामी झाली, मी चादर बदलली, संध्याकाळपर्यंत दुसरा पेशंट आला.

शनिवार, ५ ऑक्टोबर

वही परवा जाणार. दोन वाटा आहेत. खोटी दोन पानं तशीच ठेवायची, पुढे खऱ्या भेटी सौम्य करून लिहायच्या, पास व्हायचं, जागा घ्यायची. सह्या झालेल्या आहेत, कुणाला पत्ता लागणार नाही. पानं फाडायची सोय नाही, क्रमांक आहेत. दुसरी वाट म्हणजे मागच्या कोऱ्या पानांवर सगळं खरं लिहायचं. मग पुढची दोन पानं खोटी हे आपोआप उघडं पडतं, आणि शून्य.

सकाळभर स्वतःशी भांडले. या जागेसाठी सेहेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसले. गुडघे दुखेपर्यंत ट्रॉल्या ढकलून वर अभ्यास केला. दोन पानांपायी ते घालवायचं? आणि ती जागा घेऊन करणार काय, तर पुढच्या अकरा नंबराशी बोलणार. तो मला काही विचारेल, मला ते नकोसं होईल, आणि मला आता माहीत आहे की मी झोकदार वाक्य लिहू शकते.

ह्यांना विचारलं, काय करू? म्हणाले, “तुला काय करायचंय?” एक सरळ उत्तर देतील तर शपथ. मग मीच उठले, टेबल पुसलं आणि लिहायला बसले. सतरा तारखेची खरी नोंद आधी. डावीकडे: भाऊ बोलला. रुग्णाने चादर तोंडावर घेतली. मी म्हटलं, अहो भाऊ. उत्तर नाही. उजवीकडे: राग आला. लाज वाटली. पाय मी नेला होता. पहिल्या दिवशी त्याने तो कुठे आहे ते विचारलं, मी टाळलं. एकूण अकरा पानं झाली. हात भरून आला, पण एकही शब्द खोडला नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक पिकल्या मिशांचे, शेजारी चौकटबाई. परीक्षकांनी वहीत दोन ठिकाणी कागदाचे कपटे घातले होते, खोट्या पानांत आणि खऱ्या पानांत. विचारलं, ही पद्धत इथे फसली असं म्हणाल का? म्हटलं, नाही साहेब. मी फसवलं. पद्धतीने पहिल्याच चौकटीत अडवलं होतं, मी ढकलून पुढे गेले.

त्यांनी आणखी वीस मिनिटं विचारलं. व्यवस्था सिद्धांत विचारला, संकटातल्या माणसाशी पहिली भेट कशी ते विचारलं. पहिल्यांदाच मला सगळं येत होतं, कारण प्रत्येकात मला अकरा नंबर दिसत होता. मग ते चौकटबाईंना म्हणाले, नियम तुमच्या कॉलेजचा, तुम्हीच सांगा.

बाईंनी शून्य लिहिलं. पेन चालत नव्हतं वाटतं, दोनदा टोपण लावलं आणि काढलं. नंतर मला बाहेर व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, या दोन्ही नोंदी, नावगाव काढून, पुढच्या वर्षी वर्गात वापरू का? मला शून्य देऊन वर माझंच लिखाण मागतात, धन्य ते धैर्य. म्हटलं, वापरा.

घरी येऊन चहा केला. मग ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. नाव कटलं. पण जूनमध्ये नवीन प्रवेश असतात, आणि वयाची अट नाही, ते मी येतायेताच ऑफिसात विचारून आले.

सोमवार, ७ जुलै

आज पुन्हा पहिलं वर्ष, पहिला दिवस. सगळी नवी पोरं. मला कुणी ओळखत नाही, दोघींनी उठून जागा दिली, त्यांना मी कुणाची तरी आई वाटले.

हॉस्पिटलातल्या सहायकाच्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही. साहेब म्हणतात, या वर्षी भरायची नाही, पुढे बघू. इथली कामं अशीच रखडतात. मागच्या महिन्यात चौकटबाई दोनदा त्यांच्या खोलीत दिसल्या, पण मी आता विचारायचं सोडून दिलंय.

पहिलाच तास त्यांचा. फळ्यावर चौकट न काढताच त्यांनी दोन-दोन कागद वाटले. एकाच भेटीच्या दोन नोंदी, म्हणाल्या, वाचा आणि बोला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पोरं वाचायला लागली. ‘तुमच्याशी बोलून मोकळं वाटलं’ या ओळीपाशी मागच्या बाकावर हशा पिकला. कुणी म्हणालं, ही बाई किती गोड बोलते. मग दुसरा कागद उघडला आणि हसू थांबलं. उजव्या बाजूची ओळ वाचून एक मुलगी इतकी लालबुंद झाली की काय सांगू. म्हणाली, अशा बाईला तर कामावरून काढलं पाहिजे, पेशंट विचारतोय आणि ती टाळते. दुसरा म्हणाला, काढायचं कसलं, तिने स्वतःच तर लिहून दिलंय. दोघं भांडायला लागले. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, “पण तिने आधी खोटं का लिहिलं असेल? भीतीने, की मार्कांसाठी?”

चौकटबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मी उठले. बाकाला हात टेकला आणि म्हटलं, “दोन्ही. ती मी आहे. विचारा, काय विचारायचं ते.”